म्हैस विहिरीत आणि शाळा मोबाईलवर

दोन शिक्षकांच्या शाळेत किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कपाटावरच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात, आणि झटकायला गेलं की आणखी उडतात! त्यात बेंबळीकडच्या आमच्या छोट्या गावात डिजिटल गोष्टी आल्या. मग तर विचारूच नका.

डिजिटल गोष्ट म्हणजे फार काही नाही हो. पोरांनी गोष्ट रचायची, चित्रं काढायची, मोबाईलवर त्यांचे फोटो घ्यायचे, वर आपल्याच आवाजात गोष्ट बोलायची. झाला व्हिडिओ! आमचे मुख्याध्यापक शेख सर आणि मी, दोघं तालुक्याला ट्रेनिंगला गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मुलांना बोलतं करा." शेख सर अदबीनं उभे राहिले. "मॅडम, बोलती तर ती आधीपासनंच हायत. गप कशी करायची तेवढं शिकवा!"

हसू नका, आम्हाला हे जमवायचंच होतं. इंग्रजी शाळेच्या नादानं एकेक पोरगं शहराकडं चाललं होतं. पट आणखी घसरला की दोनातला एक शिक्षक जादा ठरणार, आणि सर ज्येष्ठ, म्हणजे बदली माझी! मला ही शाळा सोडायची नव्हती. जीव लागलेला हो. सगळ्यात मोठी धास्ती होती बालाजीरावांची. त्यांची सायली आमच्या तिसरीत, आणि बालाजीराव जिकडं जातील तिकडं त्यांची अख्खी गल्ली जाते.

*

पोरांनी गोष्ट रचली म्हशीची. राजकन्या नाही, परी नाही, म्हैस! शाळेच्या मागंच सुंदरामावशींचा गोठा. त्यांची राणी म्हैस विहिरीत पडते, अशी गोष्ट.

आता म्हशीचा आवाज कोण काढणार? पोरांनी नुसता गलका केला. शेवटी सायली उठली, डोळे मिटले, मान वर केली आणि अशी काही रेकली की मावशींचं रेडकू दावं तोडून थेट आमच्या व्हरांड्यात!

मागनं मावशी धापा टाकत आल्या. "बाई, म्या राणीला आत्ता बांधून आले. ती शाळेत कवा आली?"

तिथंच सायलीची निवड पक्की झाली.

*

रेकॉर्डिंगला शांतता हवी, म्हणून आम्ही पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत बसायचो. मोबाईल माझा. चौथीतला समीर तो हातात धरून बसलेला, एकदम साहेबासारखा.

एकदा ऐन रंगात सासूबाईंचा फोन आला. मी "कट कर" म्हणेपर्यंत समीरनं उचलला आणि ठणकावलं, "ओ, गप बसा! हितं रेकॉर्डिंग चालूय!" आणि ठेवून दिला.

सासूबाईंना इतक्या वर्षांत हे कुणी म्हणालं नव्हतं. समीरला मी वर्गासमोर रागावले, आणि मधल्या सुट्टीत गुपचूप पेढा दिला.

*

पहिला भाग तयार झाला. शेवटी राणी विहिरीत पडते, 'क्रमशः'. सुरुवातीला राणीचा खराखुरा फोटो हवा म्हणून पोरांनी तिला झेंडूचा हार घातला. "हिरोईन हाय, बाई, नटली पायजे!"

शेख सरांनी कौतुकानं व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता ग्रुपवर व्हिडिओ उघडून कोण बघतंय! लोकांना दिसला हार घातलेला फोटो. दहा मिनिटांत सुरू झालं, "भावपूर्ण श्रद्धांजली." "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." एकानं तर लिहिलं, "लई मनमिळाऊ होती."

मावशी तणतणत शाळेत. "अवो सर, दुधाची गिऱ्हाईकं दारात येऊन माझं सांत्वन करायलीत! आन् राणी मागं उभं राहून कडबा खायलीय!"

सरांनी घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, "राणी सुखरूप आहे. ती फक्त गोष्ट आहे."

लगेच उत्तर आलं, "राणीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

*

मग एक साहेब तपासणीला आले. त्यांना पहिला भाग दाखवला. साहेबांनी चष्मा पुसला. "छान. बाळांनो, या गोष्टीवरून आपण काय शिकलो?"

मी सरांकडं बघितलं. बोध आम्ही ठरवलाच नव्हता!

समीर उठला. "सर, पुढच्या भागासाठी थांबायला शिकलो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. पण जाताना गाडीत बसता बसता त्यांनी काच खाली केली. "सर, दुसरा भाग मला पण पाठवा बरं का."

*

एप्रिलात परीक्षा संपल्या आणि ज्याची धास्ती होती तेच झालं. बालाजीराव आले. "सर, निकाल लागला की सायलीचा दाखला द्या. शहरात घालायचीय इंग्रजीला."

सायली माझ्यामागं उभी, डोळे भरलेले. माझेही भरले, कशाला खोटं बोलू!

शेख सर शांतपणे म्हणाले, "देऊ की. तुमची पोर, तुमचा हक्क. अडचण एकच हाय, बालाजीराव. दुसरा भाग अर्धाच झालाय. म्हैस म्हंजे सायली. ती गेली तर म्हैस विहिरीतच राहती."

"दुसरं कुणी काढंल की आवाज!"

समीर लगेच पुढं होऊन रेकला.

"ही तर शेळी हाय," बालाजीराव म्हणाले. मग हात पुढं करून, "बघू, कुठवर आलंय?"

मी मोबाईल दिला. म्हशीला दोरानं वर काढतानाची चित्रं त्यांनी पुन्हा पुन्हा बघितली, कपाळाला आठ्या घातल्या आणि तरातरा निघून गेले. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचंसुद्धा टाळलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच ते दारात हजर. मागं सायली, दप्तर घेऊन. तिच्या मागं गल्लीतली झाडून सगळी पोरं. आणि बालाजीरावांच्या खांद्यावर जाडजूड दोराचं वेटोळं! ते त्यांनी सरांच्या टेबलावर धपकन टाकलं.

सर चाचरत म्हणाले, "बालाजीराव, मग ते दाखल्याचं..."

"दाखल्याचं काय घेऊन बसलाव, सर! ह्यो दोर समोर ठेवून पोरांकडनं चित्र नीट काढून घ्या. सुतळीनं म्हैस निघत असती व्हय?"