ओवाळणीत आलेला गेम

लग्न होऊन मी जुन्नरला आले तेव्हा माझं गाव, निमगाव सावा, काही लांब नव्हतं. एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. पण आई-वडील गेल्यावर तिथल्या घराला कुलूप लागलं आणि माझं माहेर म्हणजे पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ, एवढंच उरलं. तेही दिवाळीपुरतं.

लहानपणी आम्ही दोघं टीव्हीवरचा गेम खेळायचो. कॅसेट फुंकून घालायची, चालली तर चालली. हा हरायला लागला की माझ्या हातातला रिमोट ओढायचा, आणि आई चुलीपुढून ओरडायची, "आरं, तुमी दोघं टीव्ही फोडताय का आता!" भांडण म्हणा, माया म्हणा, आमचं सगळं त्या टीव्हीपुढंच व्हायचं.

एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्यानं पाटाशेजारी एक खोकं ठेवलं. त्याचा पुण्यातला, टीव्हीला जोडायचा जुना गेम. स्वतःला त्यानं नवा घेतला होता. "नव्यात ऑनलाइनची लई मजा आहे, ताई. आमचं अख्खं ऑफिस त्यावर असतं. ऑनलाइन न्हाई तर गेम घेऊन करायचंय काय?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यालापण नेट जोडता येतं. तू नेट घे, रोज खेळू." रोज! हातातलं ताट खाली ठेवायचं मला भान राहिलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "साडी न्हाई, काय न्हाई, ह्यो कसला पोरखेळ?" मी ऐकून घेतलं. टेलिफोनच्या ऑफिसात खेटे घातले, घरात कुणालाही नको असलेलं इंटरनेट हट्टानं घेतलं. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून भाकरी उरकायच्या आणि टीव्हीपुढं बसायचं. पडद्यावर कुठली कुठली अनोळखी नावं यायची, त्याचं कधीच नाही. दमला असेल, कामात असेल, असं त्याच्या वतीनं मीच बोलत राहिले. काय ती माझी अक्कल!

पुढच्या दिवाळीत त्याचा फोन आला. "ताई, यंदा यायला जमत न्हाई गं. सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या पोरांच्या मॅची आहेत, ऑनलाइन."

"मग मलाही घे की त्यात. मी रोज बसते, तू दिसतच नाहीस."

तो हसला. "अगं, दिसणार कसा? तुझा जुना, माझा नवा. ते एकमेकांशी खेळतच न्हाईत."

"हे देताना माहीत होतं तुला?"

"होतं की."

"मग रोज खेळू कशाला म्हणालास, मेल्या?"

तो म्हणाला, "ताई, तुला गेम पाहिजे होता ना? का माझ्याशीच खेळायचं होतं?"

खोटं बोलला, ते मी सोडूनही दिलं असतं. पण हे त्यानं खरंच, ठाऊक नसल्यासारखं विचारलं होतं.