रंध्याच्या टेबलावरून जाणारा पाइप

बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांची कपड्यांची एक पिशवी होती आणि हत्यारांचा अर्धा टेम्पो. शिवाय त्यांचं रंध्याचं टेबल. जाड सागाचं, कडा झिजून गोल झालेलं. आयुष्यभर त्यांनी किनाऱ्यावरच्या गावात होड्या बांधल्या, उतारवयात दारं-खिडक्या केल्या. आई गेल्यावर त्यांना तिथे एकटं ठेवायला माझं मन धजेना. टेबल येणार असेल तर येतो, म्हणाले. आलं टेबलही.

आमचं घर पालघरला, कोळगावच्या बाजूला. तारापूरच्या ज्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करायची, तो मालकांनी दुसरीकडे हलवला आणि पन्नाशीत मी घरी बसले. नवऱ्याची नोकरी चालू होती, त्यामुळे चूल अडली नाही. पण रिकामे हात मला सोसवेनात. घरामागे गाडीसाठी बांधलेली शेड होती आणि गाडी आम्ही कधी घेतलीच नाही. त्या शेडमध्ये मी लाकूडकाम सुरू केलं. आधी एक करवतीचं मशीन आलं, मग रंध्याचं, मग लाकूड फिरवून गोल घडवायचा खराद. जुन्या घरांची सागाची दारं मिळायची, त्यांतून मी चौरंग, स्टुलं, पोळपाट करायची.

बाबांना मशिनांचं वावडं नव्हतं. "माज्या टायमाला असतं तर मी बी घेतलं असतं," म्हणायचे. शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीत छपराला लागून एक लांबट खिडकी होती. तिच्याखाली त्यांनी आपलं टेबल लावून घेतलं. सकाळी मी करवत चालवायची, ते खिडकीच्या उजेडात पटाशीला धार लावायचे किंवा माझ्या चौरंगाचे सांधे तपासायचे. लहानपणी हे उलटं होतं. ते काम करायचे आणि मी खाली बसून भुसा गोळा करायची. आई तो भुसा पत्र्याच्या शेगडीत ठासून भरायची. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा दाबायची आणि मग बाटली हळूच वर ओढून घ्यायची. राहिलेल्या भोकातून आग वर यायची आणि त्यावर दुपारभर कालवण शिजायचं. आमच्या घरात भुसा कधी कचरा नव्हताच.

पण मशीनचा भुसा निराळा. पिठासारखा बारीक, हवेत तरंगत राहणारा. पावसाळा संपता संपता बाबांना खोकला लागला, तो जाईना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "एक तर धूळ बंद करा, नाही तर त्यांना तिथे जाऊ देऊ नका."

मी दुसरा उपाय आधी करून पाहिला. मशीन चालू केलं की शेडचं दार लावून घ्यायचं. बाबा बाहेर चिकूखाली खुर्ची टाकून बसायचे. मशीनचा आवाज जरा बदलला की बाहेरून हाक यायची, "बाय, गाठ हाय तिला! दमानं घे!" खरंच गाठ असायची. ती हाक ऐकली की माझा हात थांबायचा. दाराबाहेरच्या त्या म्हाताऱ्याला पाहून चार दिवसांत माझाच जीव उबगला.

मग मी भुसा ओढणारी मोटर घेतली, खाली मोठी कापडी पिशवी असलेली. लवचिक नळी एका मशीनची काढून दुसऱ्याला लावत बसायची. ती लांब केली की ओढ मरायची, कारण आतून ती वळ्यावळ्यांची असते. शेवटी ठरवलं की नीट पाइपलाइनच टाकायची. भिंतीवरून एक मोठा पाइप, त्यातून प्रत्येक मशीनला लहान फाटा आणि फाट्यावर सरकती झडप. जे मशीन चालू, त्याचीच झडप उघडी.

नवरा म्हणाला, "पाण्याचा प्लॅस्टिक पाइप घालू, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो." पण कोरडा भुसा प्लॅस्टिकमधून पळाला की त्यावर वीज साठते, हात लावला की झटका बसतो. कारखान्यात मी पावडरच्या सगळ्या लाइनी पत्र्याच्या आणि अर्थिंग केलेल्याच पाहिल्या होत्या. म्हणून आम्ही बोईसरला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर कारखान्यांसाठी पत्र्याचे डक्ट बनवणारं एक वर्कशॉप होतं. मालक उत्तरेकडचा, कानावर पेन्सिल खोचलेला. माझा कागदावरचा नकाशा पाहून त्याने विचारलं, "मॅडम, कौन सी कंपनी?"

"कंपनी नाही, घर आहे."

तो हसला, पण काम मनापासून केलं. काटकोनातले बाक मला नको होते. भुसा तिथे आपटतो, साठतो. त्याने प्रत्येक वळण दोन तिरप्या तुकड्यांचं करून दिलं आणि फाटे वाहत्या दिशेला झुकलेले. परत येताना पाइप रिक्षाच्या टपावर बांधले. शिफ्ट सुटली होती. ज्या बसथांब्यावर मी इतकी वर्षं डबा हातात धरून उभी राहायची, तिथे नव्या मुली उभ्या होत्या, मोबाईलमध्ये माना घालून. रिक्षा तिथून पुढे गेली तरी मी मागे वळून बघत होते. पाइप टपावर खडखडत होते.

अडचण लाइन टाकताना आली. मोटर शेडच्या मागे, बाहेर ठेवली होती. तिच्यापर्यंत सरळ जाणारी एकच वाट होती, उत्तरेच्या भिंतीवरून. म्हणजे बाबांच्या टेबलावरून आणि खिडकीच्या काचेसमोरून. छप्पर त्या बाजूला उतरतं, त्यामुळे पाइप खिडकीच्या वर बसत नव्हता.

बाबांनी एकदा शिडीवर चढलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. "उजेड जाईल माजा," एवढंच म्हणाले.

मी पाइप वाकवला. खिडकीच्या अलीकडे खाली आणला, टेबलाच्या मागून नेला आणि पलीकडे पुन्हा वर चढवला. नवरा शिडी धरून म्हणाला, "अगं, हा खड्डा झाला, इथे भुसा बसणार."

"बसू दे," मी म्हटलं. "बघू."

सांधे पत्र्याच्या चिकटपट्टीने बंद केले, तांब्याची तार ओढून अर्थिंग केलं. दुसऱ्या दिवशी बाबांना आत बसवून मोटर चालू केली. करवतीवर सुरेख चाललं. भुसा दिसेनासा झाला. बाबा खुर्चीतून वाकून बघत होते. मग मी रंध्याचं मशीन चालवलं. त्याचे छिलके मोठे, ओले, वळलेले. थोडा वेळ पाइपातून सरसर आवाज आला, मग घरघर, आणि मग सगळं तुंबलं. मशीनच्या तोंडातून भुसा उलटा खोलीभर उडाला. बाबांना जी ढास लागली ती थांबेना. नवऱ्याने त्यांना धरून बाहेर नेलं. मी मोटर बंद केली आणि तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आवाज आला म्हणून गेले. बाबा टेबलावरची हत्यारं एकेक करून जमिनीवर मांडत होते.

"काय करताय?"

"टेबल हलवायचं हाय. तुज्या नवऱ्याला बोलव."

"बाबा, राहू दे. मी दुसरं काही तरी..."

"दुसरं काय करशील? नळी सरळ घाल. वाकडी केली का गाळ बसतोच." मग जरा थांबून म्हणाले, "मी भायेर बसलो तर उजेड घेऊन काय करू? इकडं आत, तुज्याजवळ बसायचं हाय मला."

त्यांनी असं पूर्वी कधी काही बोलून दाखवलं नव्हतं. मी पुढे होऊन करवती उचलायला लागले, कारण त्यांच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

टेबल नवऱ्याने आणि मी पश्चिमेच्या दाराशी सरकवलं. बाबा मागून "दमानं, दमानं" म्हणत होते. दोन दिवसांत मी पाइप सरळ केला. या खेपेला ओले छिलकेसुद्धा खडखडत गेले आणि मागच्या पिशवीत जाऊन पडले. बाबांनी हात वर करून पाइपाला टेकवला, आतून जाणारं लाकूड त्यांना हाताला लागत होतं. "पळतंय, पळतंय!" ते ओरडले. मोटरच्या आवाजात ओरडावंच लागायचं.

खोकला पुरता गेला नाही, पण उतरला. त्यांची एकच तक्रार राहिली. "वास बी ओढून नेते ही. लाकूड सागाचं हाय का ऐनाचं, कललंच नाय पायजे मानसाला?" म्हणून मी फळी कापली की आधी त्यांच्याकडे द्यायची. ते ती नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि कुठली तरी होडी आठवायची त्यांना. ती कुणासाठी बांधली, पाण्यात ढकलताना कोण घसरून पडलं, आई जेवण घेऊन आली तेव्हा भरती कुठवर होती. इतकी वर्षं त्यांची मुलगी असून यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मोटर बंद केली की गोष्ट सुरू व्हायची, त्यामुळे मी मोटर वारंवार बंद करायला लागले.

असे दोन हिवाळे आम्हाला मिळाले. मग बाबा गेले, झोपेतच. शेडचं दार मी महिनाभर उघडलं नाही. नंतर एका बालवाडीची बुटकी स्टुलं करून द्यायची होती, म्हणून उघडलं.

आता काम करताना मला बहुतेक वेळा एक शुक्रवार आठवतो. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली होती. मी कंटाळून पायरीवर बसले होते. बाबांनी सागाची फळी टेबलावर घट्ट केली, आपला जुना रंधा घेतला आणि सावकाश ओढायला लागले. लांब, पातळ, रिबिनीसारखे छिलके त्यांच्या पायाशी पडत गेले. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं आणि शेडभर सागाचा वास दरवळत होता. दम लागला तसे ते थांबले, खाली पडलेल्या ढिगाकडे बघून हसले आणि म्हणाले, "आता हे कोन ओढनार?"

मी केरसुणी आणायला उठले. "बस गं," म्हणाले, "पडू दे जरा." मग मी पुन्हा बसले आणि ते रंधा ओढत राहिले.