तुम्हाला बिस्कूट येतं का?

ओव्हनच्या खाली चुरा साचतो. रोज झाडला तरी साचतो. आमच्या कॉलेजातले किस्से तसेच. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण चार ओळखीचे भेटले की एकजण म्हणतोच, "सर, तो बिस्कुटाचा सांगा ना." मी सांगतो, ते हसतात. मीही हसतो. मग घरी जाताना गाडी जरा हळू चालवतो.

यवतमाळच्या एका छोट्या खाजगी केटरिंग कॉलेजात मी बेकरी शिकवतो. आसपासच्या तालुक्यांतून पोरं-पोरी येतात. सगळ्यांना बाहेर जायचं असतं. जहाजावर, इंग्लंडात, कुठंही. त्यासाठी मुलाखत लागते, मुलाखत लॅपटॉपवर इंग्रजीत होते, आणि तिथंच आमची भट्टी विझते.

मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. नागपूरच्या एका हॉटेलात बारा वर्षं ओव्हनपुढे उभा होतो, तेवढाच माझा परदेश.

*

इरफान नेरचा. त्याच्या वडिलांची, करीमभाईंची, तिथं जुनी बेकरी आहे. बिस्कूट, टोस्ट, नानखटाई. तिसरी पिढी. इरफानला बेकरी मी काय शिकवणार? त्यानं वर्गात मलाच दोन गोष्टी शिकवल्या.

अमेरिकन जहाजासाठी त्याची मुलाखत होती. मी लॅपटॉपच्या बाजूला बसलो होतो. पलीकडच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला बिस्कूट येतं का?"

इरफान माझ्याकडं बघून हसला. पेपर फुटल्यावर पोरं हसतात तसं.

"करून दाखवा," साहेब म्हणाले. दोन दिवसांची मुदत दिली. इरफान नेरला गेला, बापलेकांनी मिळून बिस्कुटं केली आणि व्हिडिओ पाठवला. खुसखुशीत, वरून सोनेरी, कडा एकसारख्या. मी बारा वर्षांत तसा ट्रे काढला नव्हता.

उत्तर आलं: "या कुकीज आहेत. आम्ही बिस्कूट मागितलं होतं. उमेदवाराला बिस्कूट येत नाही."

मी शोधाशोध केली. अमेरिकेत बिस्कूट म्हणजे मऊ, खारट, पदराचं, लहान पावासारखं काहीतरी. त्यावर पांढरा घट्ट रस्सा ओतून खातात. करीमभाईंना फोन करून सांगितलं. 

"रश्श्यासंग बिस्कूट?" ते म्हणाले. "मंग पाव कायच्यासंग खातेत?"

*

मी लगेच धडा बदलला. वर्गात लिहून दिलं: बिस्कूट म्हणजे मऊ आणि खारट. कुरकुरीत असेल ते कुकी. पोरांकडून पाठ करून घेतलं. पुन्हा अशी नामुष्की नको.

पुढच्या महिन्यात वैशालीची मुलाखत. वैशाली फुलसावंगीची, वर्गात सगळ्यात मेहनती. हॉटेल इंग्लंडातलं होतं, आणि हे मी तिला सांगायला हवं होतं की इंग्लंड म्हणजे अमेरिका नव्हे. पण ते माझ्याच डोक्यात आलं नाही.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "चहासोबत कोणतं बिस्कूट कराल?"

वैशालीनं धडाधडा सांगितलं. मऊ, खारट, आत पदर, लोणी थंडगार पाहिजे. एक शब्द चुकला नाही.

बाई प्रेमानं म्हणाल्या, "पोरी, हे तर साधारण स्कोन झालं. मी बिस्कूट विचारलं."

म्हणजे इंग्लंडात बिस्कूट तेच, जे नेरला करीमभाई रोज करतात.

वैशाली बाहेर आली. रडली नाही, चिडली नाही. वही उघडून तिनं मला माझंच वाक्य दाखवलं.

"सर, तुमीच सांगतलं होतं ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? स्कोन मी आजवर खाल्लेलं नाही. त्याचा उच्चार कसा करायचा यावर तिकडच्या लोकांचंच एकमत नाही म्हणे. ज्याचं नाव घेता येत नाही आणि चव माहीत नाही, ते मी पगार घेऊन शिकवतो.

*

मग मी भिंतीवर तक्ता लावला. शब्द एक, खाली तीन रकाने: इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. फ्लॅपजॅक हा शब्द लिहिला. इंग्लंडात ती ओट्सची गोड वडी, अमेरिकेत तव्यावरचा पॅनकेक. पुडिंग लिहायला घेतलं आणि दोन दिवसांनी सोडून दिलं. इंग्लंडात पुडिंग म्हणजे जेवणानंतरचं काहीही गोड, आणि शिवाय एक पुडिंग असं, जे गोडच नसतं, मांसासोबत खातात.

वर्षाच्या शेवटी बोर्डाची लेखी परीक्षा आली. प्रश्न होता, बिस्कुटाची व्याख्या लिहा. वर्गानं तिन्ही देश लिहिले. कोणी कोणी पान पान भरलं.

सगळ्यांना शून्य.

आदर्श उत्तर मागवून पाहिलं. एकच ओळ होती: "दोनदा भाजलेला पदार्थ." मूळ जुन्या शब्दाचा अर्थ तसा आहे म्हणे.

इरफाननं ती ओळ दोनदा वाचली. "सर, दोनदा तर आपन टोस्ट भाजतो," तो म्हणाला. "मंग बिस्कूट कोन्या देशात आहे?"

*

पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींचा फोन आला. मुलगा अमेरिकेहून आलाय, सूनही तिकडचीच. तिला नाश्त्याला इंग्लिश मफिन पाहिजेत. मला बरं वाटलं. मुलाखत नाही, परीक्षा नाही, साधी ऑर्डर. आम्ही उत्तम मफिन केले, कपातले, गोड, चॉकलेटचे. वैशाली एसटीनं मांडीवर खोकं घेऊन देऊन आली.

संध्याकाळी शेठजींचा फोन.

"सर, सूनबाई म्हन्ते हे मफिन इंग्लिश नाहीत. कोन्या देशाचे पाठवले तुमी?"

मी पुन्हा शोधलं. इंग्लिश मफिन म्हणजे चपटा, बिनगोडाचा, तव्यावर भाजलेला पाव. आमच्या मफिनशी त्याचा काही संबंध नाही. मी चूक कबूल केली आणि माहिती म्हणून हेही सांगितलं की इंग्लंडात त्याला इंग्लिश मफिन म्हणत नाहीत, नुसतं मफिन म्हणतात.

शेठजी म्हणाले,

"म्हंजे तुमचं बरोबर होतं, फक्त मानसं चुकीची होती."

ते समजूत घालत होते की टोमणा मारत होते, मला कळलं नाही. वैशालीला मात्र लागलं. खोकं तिच्या हातानं गेलं होतं ना. त्यानंतर ती वर्गात उत्तर देताना आधी विचारायला लागली, "कोन्या देशाचं सांगू सर?" साधं मीठ किती, एवढं विचारलं तरी.

*

करीमभाईंच्या मनातून ते वाक्य जात नव्हतं. उमेदवाराला बिस्कूट येत नाही. एक दिवस ते बसनं यवतमाळला आले, हातात स्टीलचा डबा. कॉलेजात माझ्या टेबलावर ठेवला.

"उघडा," ते म्हणाले.

आत अमेरिकन बिस्कुटं. इरफानच्या मोबाइलवर बघून, ताक घालून, आठ-दहा घाणे वाया घालवून त्यांनी जमवली होती. मी एक मोडलं. पदर सुटत होते. आतून वाफ निघावी इतकं ताजं वाटत होतं, आणि ते तर नेरहून बसमध्ये आलेलं.

"आता सांगा त्या सायबाले," ते म्हणाले. "म्हना, बापाले येते. बापाले येते तर पोराले येईनच."

मी त्यांच्यासमोरच, जहाजाची मुलाखत ठरवून देणाऱ्या एजन्सीला स्पीकरवर फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, एकदा नाकारलेल्या उमेदवाराला पुन्हा घेत नाहीत. मी स्पीकर बंद केला, पण त्यांनी ऐकलं होतं.

ते डबा बंद करायला लागले. झाकण बसेना. मी हात पुढं केला तर म्हणाले, "राहू द्या सर, होते."

नेरला परत गेल्यावर त्यांनी ती बिस्कुटं दुकानात काचेवर मांडली. टाकून कशी देणार? पहिलं गिऱ्हाईक आलं, रोजचंच. त्यानं वाकून नीट बघितलं आणि दया आल्यासारखं विचारलं, "काहून चाचा, आज पाव फुगला नाही काय?"

त्या दिवसानंतर इरफाननं अर्ज करणं सोडलं. आता तो भट्टीवर बसतो. बापाशी बोलतो, पण बाहेरच्या नोकरीचा विषय निघाला की उठून पीठ चाळायला जातो. पीठ आधीच चाळलेलं असलं तरी.

*

वैशालीनं सोडलं नाही. तक्त्यावरची तिन्ही देशांतली पदार्थांची नावं तिनं पाढ्यांसारखी पाठ केली. फुलसावंगीच्या एसटीत खिडकीशी बसून ती पुटपुटायची. शेजारच्या बायांना वाटायचं, पोरगी पोथी म्हणते. सातव्या मुलाखतीत तिनं सगळं बरोबर सांगितलं. बिस्कूट, स्कोन, मफिन, देशासकट. आयर्लंडात नोकरी लागली. एजंट म्हणाला, फार मोठी बेकरी आहे. गावच्या चौकात तिच्या फोटोचा फलक लागला, खाली लिहिलं होतं 'बेकरी शेफ'. तिचा बाप मला पेढे द्यायला आला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी शिकवलं.

दोन महिन्यांनी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळची सुट्टी होती. डोक्याला जाळीची टोपी, मागं कुठंतरी मशीनची घरघर.

"काय काय करतेस गं तिथं?" मी विचारलं.

"करत काही नाही सर. मशीनमधून येते. मी डब्यात भरून राह्यली."

"काय भरतेस? स्कोन? मफिन?"

"नाव नाही सर त्याले. नंबर आहे. माह्याकडं सातशे चौदा."

"पण असतं कसं दिसायला?"

"गोल असते."

"आणि खायला?"

तिनं मागं वळून मशीनकडं बघितलं.

"माहीत नाही सर," ती म्हणाली. "खाऊ देत नाहीत."