उपासाच्या शुक्रवारी चायनीज

एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. बहारीनच्या आमच्या चायनीज हॉटेलातल्या शुक्रवारांचं तसंच आहे. पण सुरुवात देवापासून करते, कारण त्या हॉटेलात मी पहिल्यांदा गेले तीच उपाशीपोटी.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास मी लग्न होऊन बहारीनला गेले आणि वर्षाच्या आत संतोषी मातेचे शुक्रवार धरले. मागणं लहानसंच होतं. "आई, इथं मला बोलायला एक बाई मिळू दे." आमचे हे रिफायनरीत शिफ्टला. जिदहफ्स गावातल्या घरात दिवसभर मी आणि एसीची घरघर. शेजारच्या अरब बायका हसून बघायच्या, मीही हसायचे, पण माझी अरबी 'इंशाल्ला' आणि 'खलास' एवढ्यातच आटपायची.

व्रताच्या पोथीत म्हटलंय, कथा ऐकायला कुणी नसेल तर तुपाचा दिवा लावून त्याला सांगावी. मी दिव्याला सांगायचे. दिवा मन लावून ऐकायचा. हुंकार तेवढा द्यायचा नाही.

*

तिकडे सुट्टी शुक्रवारची. ह्यांच्या ओळखीची मंडळी दुपारी मनामातल्या त्या हॉटेलात जमायची. म्हणजे चार माणसं दिसायची तो दिवस शुक्रवार, आणि माझा उपासही शुक्रवारीच! घरी बसले असते तर उपास सोपा गेला असता, पण मग मागणं पुरं व्हायचं कुठून? मी पर्समध्ये गूळ-चण्याची पुडी घालून निघायचे.

पहिल्या दिवशी बांबूच्या गोल टोपल्या आल्या. ह्यांनी झाकण उघडलं, भप्पकन वाफ आली. आत पांढरेशुभ्र, कळ्या पाडलेले डंपलिंग. हे म्हणाले, "बघ, उकडीचे मोदक. फक्त नैवेद्य दाखवू नकोस, आत कोंबडी आहे."

या व्रतात आंबट चालत नाही, आणि घरातल्या कुणालाच चालत नाही. टोपलीबरोबर आली व्हिनेगरची वाटी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाटी हळूच दूर सारली. वेटरला वाटलं, साहेबांचा हात पोचत नाही. त्यानं ती पुढे आणली. ह्यांनी पुन्हा सारली. वेटरला वाटलं, ही पसंत नाही. तो दुसरी घेऊन आला.

"मागणं तुझं आणि फिकं मी खायचं," हे पुटपुटले. पण शुक्रवारी आंबटाला कधी शिवले नाहीत हो.

*

आमच्या मंडळींतले हमीदभाई मूळचे रत्नागिरीचे, एका व्यापाऱ्याकडे क्लार्क. खुर्चीवर टेकायच्या आधी विचारायचे, "पोर्क मफी?" म्हणजे, डुकराचं नाही ना? वेटर म्हणायचा, "मफी, मफी." तरी हमीदभाई प्रत्येक डंपलिंग काट्यानं उघडून पंचनामा करायचे.

एकदा आत एवढीशी कोलंबी निघाली. त्यांनी ती काट्यावर उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही उपास करता तेच बरं. एवढी बारकी आमच्याकडे जाळ्यातून परत पाण्यात सोडतात, जा बाय, मोठी होऊन ये म्हणून."

सगळे हसले, मीही हसले. हमीदभाईंनी मात्र ती कोलंबी ताटलीच्या कडेला ठेवून दिली. त्यांची घरची माणसं रत्नागिरीलाच होती. फॅमिली व्हिसा मिळत नव्हता.

*

मग आली सिसिलिया. वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिला खणखणीत मराठी बोलताना ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हा तिचा ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. शुक्रवारी तिला मांस वर्ज्य, मला तर सगळंच. समोर टोपल्या वाफाळतायत आणि आम्ही दोघी बाया एकमेकींचे नियम विचारतोय.

"अंडं चालतं का गं तुला?" मी विचारलं.

"देवाला चालतं. आमच्या आईला चालत नाही."

एका शुक्रवारी सकाळी ती ड्यूटीवरून तडक घरी आली आणि माझी कथा ऐकायला बसली. पाय चोळत, जांभया देत, पण शेवटपर्यंत बसली. मी म्हटलं, तुला चालेल ना? तर म्हणाली, "पेशंटांच्या कहाण्या ऐकतेच की. ही निदान गोड संपते."

मला वाटलं, आईनं ऐकलं. उद्यापनाच्या खीरपुरीचं सामानसुद्धा आणलं. आणि त्याच आठवड्यात कळलं, सिसिलियाचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, ईस्टरला ती गावी चालली, ती कायमचीच. सामान मी डब्यात भरून ठेवलं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा उपास धरला.

*

हॉटेल चालवायच्या त्या लिनबाई. हाँगकाँगच्या. नवरा आत भट्टीपाशी, मुलं तिकडे आजीकडे शिकायला. बाई कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्याच डंपलिंग वळत बसायच्या. इंग्रजी त्यांची आणि माझी सारखीच, म्हणजे बेताची.

दर शुक्रवारी माझी ताटली कोरी पाहून त्यांचा चेहरा पडायचा. एकदा कोबीचे डंपलिंग पाठवले. मी हात जोडले. पुढच्या वेळी आत गोड सारण भरलेले गुबगुबीत पाव आले. मी पुन्हा हात जोडले. मग एकदा आतून नवरा-बायकोचा कडाक्याचा वाद ऐकू आला. वेटर ह्यांच्या कानाशी लागला, "मॅडम नवऱ्याला म्हणतात, तुम्ही रांधलेलं ती बाई तोंडातसुद्धा घालत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समजावणार कसं? व्रताला इंग्रजीत काय म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं.

सिसिलियाचा तो शेवटचा शुक्रवार. तीच उठून लिनबाईंच्या टेबलाशी गेली आणि सोप्या इंग्रजीत, हातवारे करत सांगून आली. मी विचारलं, काय सांगितलंस गं?

"खरं ते. हिनं देवाकडे मैत्रीण मागितलीय, ती मिळेपर्यंत शुक्रवारी जेवत नाही म्हटलं."

मी लाजून मान खाली घातली. इतक्यात लिनबाई आतून त्यांच्या दुपारच्या भाताचा वाडगा घेऊन आल्या. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. वाडगा माझ्यापुढे सरकवतील म्हणून मी आधीच हात जोडले. त्यांनी तो वेटरच्या हातात दिला आणि आत न्यायला सांगितला. पदरासारखा अ‍ॅप्रन मांडीवर नीट केला, आणि आमच्या मंडळींचं जेवण संपेस्तोवर माझ्याजवळ बसून राहिल्या, उपाशी.

गाडीत मी ह्यांना म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी उद्यापन करते."

हे म्हणाले, "अगं, सिसिलिया तर चालली!"

मी म्हटलं, "लिनबाई आहेत की."

तर बायांनो, परक्या गावी एकट्या असाल तर तुम्हीही शुक्रवार धरा. आणि उपास असला तरी हॉटेलात जायचं सोडू नका, एवढं माझं ऐका.