चाकं नसलेली बॅग

टूरवाल्या बाईंनी फोनवर सिंहांबद्दल शेवटी सांगितलं, आधी बॅगेबद्दल. मसाई मारात उतरायचं ते बारा माणसांच्या टिचभर विमानातून. माणशी पंधरा किलो, बॅग मऊ कापडाची, आणि तिला चाकं नकोत. फोन स्पीकरवर होता. माझ्या नवऱ्याचा चेहरा असा काही उजळला की मी नंतर लग्नाचा अल्बम काढून पाहिला. एकाही फोटोत एवढा उजेड नव्हता.

हा माणूस तीस वर्षं उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामांमध्ये कंटेनर भरून घेत होता. स्वतः भरत नव्हता, भरून घेत होता. हातात पॅड, कानावर पेन, समोर हमाल. जड माल खाली, हलका वर, आणि मध्ये बोटभरसुद्धा पोकळी ठेवायची नाही. पोकळी राहिली की माल हलतो, हलला की फुटतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या फ्रिजमध्येही कधी पोकळी नसायची. निवृत्त झाल्यावर भरायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी मला आफ्रिका दाखवायचं ठरवलं. मला प्राणी बघण्याची हौस नव्हती. पण त्यांना बॅग भरताना बघण्याची हौस मात्र मला पहिल्या दिवसापासून लागली.

फेब्रुवारीत जायचं होतं आणि ऑक्टोबरमध्ये हॉलमध्ये दोन बॅगा मांडल्या गेल्या. एक त्यांची, एक माझी. माझ्या स्वयंपाकघरातला मैदा मोजायचा काटा जप्त झाला. चड्ड्या, मोजे, टूथब्रश, सगळं त्यावर चढून गेलं आणि ग्रॅममध्ये वहीत उतरलं. तिथली चावरी माशी काळ्या-निळ्या रंगावर धावते असं कळल्यावर त्यांचे सगळे गडद शर्ट कपाटातून बाहेर आले आणि आम्ही दोघं खाकी झालो. मी म्हणाले, आपण सिंह बघायला चाललोय की त्याच्या घरी मीटर रीडिंग घ्यायला? केनियात प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ देत नाहीत, आणि आमच्याकडे तर चिवड्यापासून चपलांपर्यंत सगळं पिशवीतच असतं. मग त्या टाकलेल्या निळ्या शर्टांच्या मी थैल्या शिवल्या. एकेका थैलीला शर्टाचा एकेक खिसा तसाच ठेवला. त्यावर ते दोन दिवस खूश होते.

लसही घेऊन आलो, पीतज्वराची. पिवळं कार्ड मिळालं. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा घ्यायला नको, हे आयुष्यभर चालतं. त्यांचं कार्ड दोन महिने चालायचं होतं, हे डॉक्टरांना तरी कुठून कळणार?

डिसेंबरमध्ये तालीम सुरू झाली. खांदा कॉलनीतली आमची इमारत जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चाकं नसलेली बॅग खांद्यावरून न्यायची सवय हवी, म्हणून रोज सकाळी भरलेली बॅग डाव्या खांद्यावर, डोक्यावर हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली हॅट, आणि तीन मजले खाली, तीन मजले वर. खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायच्या, "काय हो, निघाले का?" मी वरून ओरडायचे, "घ्या ना घेऊन, तुमच्याकडेच उतरवा!" बिल्डिंगला सकाळचा चहा या खेळाशिवाय गोड लागेनासा झाला होता. मी गोष्टी रंगवून सांगते अशी माझी ख्याती आहे, आणि त्या डिसेंबरात तर मला घरबसल्या रोज नवा अंक मिळत होता.

त्या दिवशी ते वर आले आणि बॅग ठेवून सोफ्यावर बसले. म्हणाले, डावा खांदा दुखतोय, जरा घामही आलाय. मी म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यावर चढवलंत, आता पहिल्यांदा स्वतः पंधरा किलो उचललेत. खांद्याने तक्रारीचा अर्ज दिलाय." ते हसले. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी लगेच माझ्या दिरांना फोन लावला. धाकटे दीर उरणकडच्या गावी राहतात, तिथे आमच्या घरची पूर्वी मिठागरं होती. फोन स्पीकरवर ठेवून मी तेच पुन्हा सांगितलं, हमालाच्या आवाजासकट, खांद्याच्या आवाजासकट. दीर तिकडे हसले, हे इकडे हसले. मग मी बामची ट्यूब त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि थैल्यांसाठी नाडी आणायला बाजारात गेले.

मी दीड वाजता परत आले. ते हॉलमध्ये जमिनीवर बसले होते, बॅगेला टेकून, हॅट डोळ्यांवर ओढलेली. मला वाटलं, माझ्यावर डाव उलटवतायत. मी दारातूनच म्हणाले, "उठा, सिंह गेला." मग चपला काढल्या, नाडी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, आणि पुन्हा म्हणाले, "अहो, गेला म्हटलं ना सिंह."

हे मी आजवर कोणाला रंगवून सांगितलेलं नाही.

पुढचे नऊ दिवस ती बॅग हॉलमध्येच होती. हलवायचं कोणाला सुचलं नाही. खुर्च्या कमी पडल्या की भेटायला आलेली माणसं तिच्यावर बसायची. मऊ होती, आत पोकळी नव्हती, त्यामुळे कोणी खचत नव्हतं. एक गृहस्थ तिच्यावर तासभर बसून मला सांगत होते की देह म्हणजे काय, तर प्रवासाचं सामान. मी मान डोलावली. मनात म्हटलं, उठा आता, खाली दुर्बीण आहे.

दहाव्याला गाढी नदीच्या काठी गेलो. आम्हाला मूलबाळ नाही, दिरांनीच सगळे विधी केले. पिंड मांडला, शेजारी पानात त्यांच्या आवडीचं ठेवलं, आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. दीर हात जोडून म्हणाले, वयनींना आमी अंतर देणार नाय. कावळा जागचा हलला नाही. चुलत सासरे म्हणाले, गावच्या घराचं तुझ्या मनासारखं करू. नाही. कोणी म्हणालं, वर्षश्राद्ध मोठं घालू. कावळ्यांनी माना तेवढ्या वळवल्या. पाऊण तास झाला. ऊन चढलं, म्हाताऱ्या बायका खाली बसल्या. भटजी घड्याळ बघून म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. म्हणजे गवताचा. तीस वर्षं अस्सल माल मोजून घेतलेल्या माणसाला शेवटी डुप्लिकेट!

दीर माझ्याजवळ आले. "वयनी, तुमी बोला. तुमचंच अडलंय."

मी पुढे झाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी जाईन आफ्रिकेला. तुमची बॅग घेऊन जाईन." मागे कुजबुज झाली. मग मान खाली घालून, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "खांद्याचं मी हसण्यावारी नेलं. चुकलं माझं." वाक्य पुरं होईपर्यंत पंखांचा आवाज आला. कावळा शिवला. दोन-तीन एकदम आले.

सगळ्यांना वाटलं, आफ्रिकेमुळे. मला माहीत होतं कशामुळे. घरी येऊन मी दहा दिवसांत पहिल्यांदा झोपले.

गंमत पुढेच आहे. ज्यांनी घाटावर हात जोडून "बघा, शिवला!" म्हटलं होतं, त्यांनाच पंधरा दिवसांनी वाटू लागलं की कावळ्याने जरा घाईच केली. वर्ष सरायच्या आत बाई एकटी सिंह बघायला जाणार, लोक काय म्हणतील? चुलत सासूबाईंनी फोन केला. मी म्हणाले, "काकू, माझी कुठे इच्छा आहे? पण त्यांनी मागून घेतलंय. तुम्ही तर पुढेच उभ्या होतात." मी तो कावळा दीड महिना खांद्यावर घेऊन फिरले. कोणी तोंड उघडलं की पुढे करायचा. टूरवाल्या बाईंनी हळूच विचारलं, मॅडम, तुम्हाला नक्की यायचंय ना? त्यांनाही कावळा सांगितला. त्या रडल्या.

बॅग मात्र मी उघडली नव्हती. माझी बॅग रिकामी करून कपडे पलंगावर काढून ठेवले होते. त्यांचं सामान काढून त्यांच्या बॅगेत माझं भरायचं, एवढंच काम. ते निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पुढे ढकललं. दुपारी चार वाजता चेनला हात घातला आणि बेल वाजली. दीर होते. हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी, निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत.

"भावजी, ही पिशवी नेली तर मला तिकडेच ठेवून घेतील."

"मंग बरंच व्हईल ना तेंचं," ते म्हणाले आणि हसले. बसले. चहा झाला. कप खाली ठेवून ते बॅगेकडे वळले.

"वयनी, येक सांगाचं हाय. रागवू नका."

"रागवायला वेळ कुठाय? अजून बॅग भरायचीय."

"तुमी जाव नका. म्हंजे, जायाची गरज नाय. त्या दिसाला कावला तुमच्या बोलन्यानं नाय आला." त्यांनी कप उगाच बशीत फिरवला. "झाडाखाली कुत्रा बसलेला. तुमाला दिसला नाय, तुमी या बाजूला व्हत्या. तेच्या भ्यानं कावले खाली येत नव्हते. तुमी बोलत व्हत्या, तवा मी मागनं दगूड मारला. कुत्रा पलाला, कावला आला. येवढंच हाय ते."

"मग आधी का नाही मारलात? पाऊण तास उन्हात उभं केलंत सगळ्यांना."

"परतेक जण कायतरी बोलत व्हता दादाला. मना वाटलं, बोलू दे." मग म्हणाले, "तुमचं दोघांचं येवढं हसनं-खेलनं. तुमी काय बोलता, ते मना बी ऐकाचं व्हतं. मंग तुमी मान खाली घातली, आवाज काय येईना. मना तुमचे हाल बघवले नाय. मारला दगूड."

त्यांना वाटत होतं, ते माझ्या पायातली बेडी काढतायत. चेहऱ्यावर तसाच भाव होता, उपकाराचा नव्हे, सुटकेचा. दीड महिना त्यांनाही ते जड झालं असणार. मी टाळ्या वाजवल्या. "वा, भावजी! कावळ्याची एन्ट्री तुमची होती तर! आणि मी आपली सगळं श्रेय घेऊन बसले." ते मोकळे झाले, मोठ्याने हसले, डोळे पुसले. आणखी अर्धा कप चहा घेतला. दारात विचारलं, "मंग? नाय ना जात?" मी म्हणाले, "गाडी पहाटे तीनला सांगितलीय. आता गाडीवाल्याला कुठला कुत्रा सांगू?" ते मान हलवत जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर खालच्या वहिनींशी त्यांचं बोलणं ऐकू आलं, मग फाटकाचा आवाज.

दार लावलं. बॅगेसमोर जमिनीवर बसले. शेजारीपाजारी कोणी नाही, कावळा नाही, कुत्रा नाही. घाटावर मी जे बोलले होते ते ऐकायला कोणी आलं नव्हतं. एक माणूस मागे दगड घेऊन उभा होता, त्यालाही ते ऐकू गेलं नव्हतं.

चेन उघडली. झाकणाच्या आत त्यांनी यादी सेफ्टी पिनेने लावली होती. वस्तू आणि वजन, सुवाच्य अक्षर. दुर्बीण, साडेसातशे. टॉर्च सेलसकट, एकशे नव्वद. खाकी शर्ट, तीन. वर निळ्या थैल्या रचलेल्या, खिसे वरच्या बाजूला. मी एकेक काढत गेले. तळाला जड माल, बाजूला मोज्यांचे गोळे ठासलेले. कुठेही बोट जात नव्हतं.

यादीत शेवटची ओळ वेगळ्या पेनाने लिहिली होती. बाकीची सगळी निळी, ही काळी.

"बाम. खांदा, बॅग उचलल्याने. ४५ ग्रॅम."

ट्यूब वरच्या कप्प्यात होती. थोडी पिळलेली, टोपण घट्ट लावलेलं. म्हणजे मी नाडी आणायला गेले तेव्हा ते उठले, बाम चोळला, ट्यूब काट्यावर ठेवली, वजन लिहिलं, जागेवर ठेवली. मग टेकून बसले. डॉक्टरकडे गेले नाहीत, खालच्या वहिनींना हाक मारली नाही. कशाला मारतील? कारण कळलं होतं त्यांना. मीच सांगितलं होतं, आवाज काढून, दोनदा.

मी त्यांचे कपडे कपाटात ठेवले आणि माझे भरले. मला भरता येत नाही. यादी आणि ट्यूब होती तिथे राहू दिली. हुकाच्या काट्याला बॅग लावली, अकरा किलो भरली. वर हात घालून पाहिला, तर मनगटापर्यंत पोकळी.

मग बॅग डाव्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरून पाहिला. खालच्या वहिनी दारात उभ्या होत्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही ओरडले नाही. प्रत्येक पायरीला आतलं सामान एकदा या बाजूला जात होतं आणि एकदा त्या.