मुडद्यांचे मास्तर

पोस्टमनकाकांनी एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं. निवृत्तीनंतर वर्षभरातच अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. काकूंच्या आधाराशिवाय मोरीपर्यंतही जाता येईना.

व्यायामासाठी ते दवाखान्यात जात. तिथे एका दिग्दर्शक मुलीने त्यांना पाहिलं. ती तुटपुंज्या पैशांत भयपट काढत होती. त्यात मेलेली माणसं उठून चालू लागतात. नट सगळे हौशी, आणि नेमकं ते चालणंच कुणाला जमत नव्हतं. "काका, तुम्ही शिकवाल का?" तिने चाचरत विचारलं.

काकू भडकल्या. "माझा माणूस जिवंत आहे अजून."

"जाऊ दे गं," काका म्हणाले. "घरी बसून भिंतीच तर बघतो."

बंद पडलेल्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात नऊ दिवस शिकवणी चालली. "पाय उचलायचा नाही. कुणीतरी सांभाळायला दिलाय असं समजा आणि ओढा." नट त्यांना मास्तर म्हणू लागले. काकांना दोन घास जास्त जाऊ लागले.

दहाव्या दिवशी चित्रीकरणासाठी ओला पाला जाळून धूर केला. त्यातून तोंडाला पांढरं फासलेली तीस माणसं काकांच्या चालीने काकांच्याच दिशेने येऊ लागली. आजारपणानंतर त्यांनी स्वतःला चालताना कधी पाहिलं नव्हतं. ते भिंतीला टेकले.

"मी असा दिसतो?" त्यांनी विचारलं. कुणाला ऐकू गेलं नाही.

सिनेमा आठवड्यात थिएटरांतून उतरला. चार वर्षांनी कॉलेजच्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. एका खेळाला काकांना बोलावलं, तेव्हा दारापासून मंचापर्यंत मुलं पाय ओढत, खिदळत त्यांच्यामागून आली.

"काका, ती चाल करून दाखवा ना," एकाने माईकवरून म्हटलं.

"आत्ता तसाच तर आलो," काका म्हणाले.

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

त्यानंतर काकांनी उंबरठा ओलांडला नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले. दिग्दर्शक मुलगी भेटायला आली तेव्हा काकूंनी पहिल्यांदाच सिनेमा बघायचा म्हटलं.

"यात काका कुठेच नाहीत हो. ते कायम कॅमेऱ्यामागे असायचे."

"असू दे. लाव."

काकूंनी शेवटपर्यंत पाहिला. "चालतात अगदी यांच्यासारखे," त्या म्हणाल्या. "पण दमत कुणीच नाही."

मग चहाचे कप उचलून त्या आत गेल्या.