बाबांच्या गादीची जागा

हथखोजच्या कारखान्यात मशीनवरच्या कॅमेऱ्याला सलग मेमरी मिळेना. मी ती संगणकाचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पूर्ण चालू झाल्यावर मागत होतो आणि तोवर बाकीच्या प्रोग्रामांनी तुकड्यातुकड्यांनी जागा बळकावलेली असायची. शेवटी चिडून बूट होतानाच, सगळ्यांच्या आधी, ती राखून ठेवली. कॅमेरा मुकाट्यानं चालला.

सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई हेच करायची. भंडाऱ्याचे पाहुणे दारात उभे असले तरी आधी आतल्या खोलीत बाबांची गादी घालायची. स्टील प्लांटमधून नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला जागा नको?

बाबा वारले, तरी पाहुणे आले की ती गादी घालतेच. परवा मी वैतागून म्हणालो, "आई, आता कावून घालून राहिली?"

"नाही घातली तं तिथं कोनीबी झोपन ना," ती म्हणाली.